चौथ्या रकान्यातला ‘बाद’

ठवकर काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या स्टुडिओत एका लग्नाची कॅसेट जुळवत बसले होते. समोरच्या पडद्यावर नवरदेव घोड्यावर चढता चढता थांबलेला, एक पाय रिकिबीत आणि एक हवेत. फोन बाबांचा होता. बाबा फोनवर एकतर ओरडतात, नाहीतर पुटपुटतात. त्या दिवशी मात्र साध्या आवाजात म्हणाले, “मंजू, आपले ठवकर गेले. सकाळी. चहा घेता घेता.” मी “बरं” म्हणाले. रिसीव्हर ठेवला आणि... खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, हायसं वाटलं. माणूस गेला आणि हिला हायसं वाटलं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. वर्षभराच्या दुखण्यातून ते सुटले हे तर आहेच, पण माझं हायसं वाटणं त्यासाठी नव्हतं. चार वर्षांच्या अबोल्यानंतर, अवघ्या दहा दिवसांपूर्वी, मी त्यांच्याकडे जाऊन आले होते. अबोला माझाच, एकतर्फी. ते दहा दिवस जरा इकडचे तिकडे झाले असते तर आज मी हे लिहायला बसले नसते, तोंड लपवून बसले असते.

ठवकर काका माझे सख्खे काका नव्हेत. भिलाईत सख्खं कुणाचं कोण असतं? सगळ्यांचे सख्खे नागपूर-वर्ध्याकडे राहिलेले, त्यामुळे ज्याच्या क्वार्टरची पाठ आपल्या क्वार्टरला लागलेली तो काका. बाबा पोलादाच्या प्लांटात कारकून आणि काका रेल मिलमध्ये तपासनीस. तयार झालेला रूळ मालगाडीत चढण्याआधी यांच्या डोळ्यांखालून जायचा. रूळ कसा तपासतात हे त्यांनी मला एकदा अंगणातल्या नळाच्या पाइपावर करून दाखवलं होतं. उकिडवं बसायचं, गाल पाइपाला टेकेल इतकं डोकं खाली न्यायचं, एक डोळा मिटायचा आणि या टोकावरून त्या टोकाकडे पाहायचं. “उभं राहून पाह्यलं तं सारेच रूळ सरळ दिसतात पोरी,” ते म्हणाले होते. मग त्यांना उठता येईना, तेव्हा काकूंनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. काकूंना त्या वेळी जे हसू फुटलं ते संध्याकाळपर्यंत मधूनमधून फुटतच होतं.

आमच्या सडकेवरचा पहिला टीव्ही काकांचा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बुधवारी गाणी लागायची तेव्हा त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मुंगीला वाट मिळायची नाही. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, मराठी, सगळ्यांची पोरं. आणि काका? काका गाणं ऐकत नसत, ते गाणं तपासत. प्लांटातले छपाई चुकलेले तपासणीचे फॉर्म त्यांनी गठ्ठ्याने घरी आणून ठेवले होते. फॉर्म हिंदीत, त्यात चार रकाने: माल का प्रकार, जांच की विधि, ग्राहक, दोष. गाणं सुरू झालं की काका मांडीवर फॉर्म घेऊन पेन्सिलीने भरू लागत. माल का प्रकार म्हणजे गाणं कोणत्या जातीचं: विरहाचं, छेडाछेडीचं, जत्रेचं, की नुसतं मोटरसायकल चालवायचं. विधि म्हणजे कॅमेरा काय करतोय. इथे त्यांची खरी गंमत. कॅमेरा कुठे ठेवला असेल ते कळावं म्हणून ते चक्क सतरंजीवर आडवे होऊन टीव्हीकडे खालून पाहत, नाहीतर स्टुलावर चढून वरून. “मंजे, हे बाई रडून राहिली. कॅमेरा कुठं हाय?” मी म्हणायची, “टीव्हीत.” “टीव्हीत नाही वं. तिच्या वर हाय का खाली?” मी डोळे बारीक करून पाहायची आणि ठोकून द्यायची, “वर.” “मंग ते लहान दिसन का मोठी?” “लहान.” “आता समजलं का तुले तिची दया कावून येऊन राहिली?”

तिसरा रकाना भरताना ते टीव्हीकडे पाहतच नसत, आमच्याकडे पाहत. कोण खिदळलं, कोण पाणी प्यायला उठलं, कोणत्या वेळी दरवाज्यातल्या बायांनी पदर तोंडाशी नेला. ते सगळं ‘ग्राहक’मध्ये. एका गाण्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘दहावी नापास मुलं आणि श्रीमती ठवकर’. काकूंनी तो फॉर्म वाचला आणि दोन दिवस त्यांच्या ताटात नुसता वरण-भात पडला. आणि चौथा रकाना, दोष. इथे काका हात आखडता घेत. एका बर्फातल्या गाण्यापुढे लिहिलेलं मला अजून पाठ आहे: ‘हिरोला कोट आहे, बाईला शालसुद्धा नाही’. लग्नाचं गाणं असलं की ते विचारत, “एवढ्या लोकायचं जेवण कोण रांधून राहिलं? थो दिसलाच नाही.” गाण्यात कोण दाखवलंय, कसं दाखवलंय आणि कोणाला दाखवलेलंच नाही, याला मी पुढे शिकायला गेले तिथे मोठमोठे शब्द होते. काकांच्या घरी त्याला दोष म्हणत. काकू मात्र कायम करवादलेल्या. “गाणं आइकाचं रायते का तपासाचं? बाप्पा, एक तरी गाणं पुरं आइकू द्या!”

पुढे केबल आली आणि काकांचं काम वाढलं. आता नुसती सिनेमातली गाणी नव्हती. गायक स्वतःच येऊन चार मिनिटं गाणार, मागे एक छोटीशी गोष्ट चालणार, आणि त्या गोष्टीला मागचं-पुढचं काही नाही. पहिल्या रकान्यात काय लिहावं हेच त्यांना कळेना. “याले आगापिछाच नाही. तुकडा हाय तुकडा.” पण आठ दिवसांत त्यांनी तुकड्यांच्याही जाती पाडल्या: कॉलेजच्या दोस्तीचा, वाळवंटात घागऱ्याचा, आणि पावसात गच्चीवरचा. दृश्य बदललं की ते गुडघ्यावर बोट आपटत. नव्या गाण्यांना बोट इतकं भरभर आपटावं लागे की शेवटी वैतागून म्हणत, “डोळ्याले बसूच देत नाही हे पोट्टे. भलकसे पळवून राहिले.” त्या गुडघ्याशेजारी बसून मी बारावी झाले. घरी सांगितलं, मला हेच, कॅमेऱ्याचं, शिकायचं आहे. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. काकांनी येऊन त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी बाबांनी माझा पुण्याचा अर्ज स्वतः पोस्टात टाकला.

पुण्यात मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि वर्ग हसला. “मले नाही समजलं” एवढंच म्हणाले होते. ‘करून राहिले’ म्हटलं की मुली मागून म्हणायच्या, “राहा, राहा, आणखी थोडी राहा!” मी जिद्दीला पेटले. माझ्या बोलण्यातली नागपुरी, हिंदी, सगळी खड्यासारखी वेचून फेकली. सहा महिन्यांनी सुट्टीत घरी आले तर आईने विचारलं, “मंजे, तू बोलून राहिली का बातम्या देऊन राहिली?” मला तेव्हा ती दाद वाटली होती. हे सगळं सांगते आहे ते उगीच नाही. पुढे जे झालं ते या वेचून फेकण्यातूनच झालं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका गाण्याची चार मिनिटांची फिल्म करायची होती. मी घरी, भिलाईतल्या मरोद्याला येऊन केली. प्लांटाच्या ठेक्यावर काम करणाऱ्या बाया संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून एका रांगेत घरी जातात. त्यांच्या मागे प्लांटाच्या चिमण्या, चिमण्यांच्या मागे सूर्य. मी पाळीखाली, जवळजवळ पाण्यात, कॅमेरा लावला आणि सूर्याकडे तोंड करून चित्रण केलं. लाल आभाळ आणि त्यावर काळ्या, उंच, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या आकृत्या. गाणं वर्गातल्याच एका मैत्रिणीने लिहिलं, तिनेच गायलं, उत्तम स्वच्छ मराठीत. सरांनी सगळ्या वर्गासमोर ते दोनदा लावलं. मी कॅसेटची एक प्रत काकांना पाठवली. मला खरी वाट पाहायची होती ती त्यांच्या फॉर्मची. सरांची शाबासकी ऐकताना मी मनातल्या मनात म्हणत होते, थांबा, अजून ठवकर काकांनी पाहायचंय.

फॉर्म वसतिगृहाच्या पत्त्यावर आला. माल का प्रकार: ‘मेहनतीचं गाणं’. विधि: ‘कॅमेरा खाली, सूर्य मागे. फोटो गजब’. ग्राहक: ‘पुण्याचे मास्तर’. हे वाचून कान तापले. आणि दोष या रकान्यात एकच शब्द, आधी कुठल्याच फॉर्मवर न पाहिलेला. ‘बाद’. खाली सही.

बाद. खो-खोत गडी बाद होतो तसं बाद. दोन वर्षांची मेहनत आणि आख्ख्या लहानपणाची शिकवणी, सगळं एका शब्दात बाद. का, ते सांगायचीही गरज वाटली नाही यांना? बर्फातल्या बाईच्या शालीसाठी ओळ लिहिता, माझ्यासाठी नाही? मी तो फॉर्म घडी करून पेटीच्या तळाशी टाकला आणि ठरवलं की आता या माणसाचं तोंड पाहायचं नाही. रागापेक्षा लाज जास्त होती, हे आज कळतंय. ज्याच्याकडून शिकले त्यानेच नापास केलं, हे कुणाला सांगणार?

त्यानंतर चार वर्षं मी काकांकडे गेले नाही. ते निवृत्त होऊन शेजारच्या दुर्गला पद्मनाभपुरात स्वतःच्या घरात गेले, आई-बाबा मरोद्यालाच राहिले. मी रायपूरला नोकरीला लागले. दर महिन्याला घरी येताना दुर्गच्या गाडीत बसायची आणि दुर्गच्या आधीच उतरायची. एकदा आई म्हणाली, “ठवकर आले होते. कोणी बिसाहिन म्हणून बाई राहते का इथं, विचारून राहिले होते.” मी ताटावरून उठले. “त्यांचं नाव काढू नको.” आईने पुन्हा काढलं नाही. तेव्हा नीट ऐकून घेतलं असतं तर... पण आमचं डोकं म्हणजे नागपुरी संत्र्याच्या आतली बी, चावली की कडूच.

या वर्षी भिलाईच्या बाजारात, सिव्हिक सेंटरला, भाऊबिजेच्या खरेदीला गेले होते. मागून कुणीतरी मनगट पकडलं. काकू. केस सगळे पांढरे झालेले, पण पकड तीच. “कावून वं? रस्ता भुलली का आमच्या घराचा?” मी काहीतरी पुटपुटले, काम, स्टुडिओ. काकूंनी ऐकूनच घेतलं नाही. “तुझे काका बिमार हायेत. किडनीचं हाय. तू चाल आत्ता.” “काकू, उद्या...” “उद्या कोण पाह्यला? ऑटो थांबव.” मी ऑटो थांबवला. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते, काकू पिशवीतली वांगी मोजत होत्या.

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. मला पाहून एवढंच म्हणाले, “ये. बस. गाणं सुरू हाय.” जसं काही मी काल दुपारी उठून गेले होते. मांडीवर पॅड, पॅडवर फॉर्म. मी खाली बसले. टीव्हीवर कुणीतरी मुलगी आगगाडीच्या दारात उभी राहून गात होती. काकांचं बोट गुडघ्यावर संथ आपटत होतं. गाणं संपलं. त्यांनी तीन रकाने भरले, चौथ्यापाशी थांबले, आणि लिहिलं... ‘बाद’.

चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं उसळून आलं. आजारी माणसासमोर मी ओरडलेच. “हिलाही बाद? हिनं काय केलं?”

काका गोंधळले. “हिनं? काही नाही केलं. उद्या बारा वाजता पुन्हा लागते थे गाणं. तवा पाहीन अन् लिहीन.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाद. बाद में. नंतर.” ते मला शाळेतल्या पोरीसारखं समजावू लागले. “मिलमधे आमी दोष असा एका नजरेत नाही लिहित. शंका आली का रुळावर खडूनं ‘बाद’ लिहाचं अन् बाजूले ठेवाचं. हेल्पर सारे हिंदीवाले, त्याईले समजलं पायजे ना. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहाचं, मंग लिहाचं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पॅडवरच्या शब्दाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. रूळ पाहताना व्हायचा तसा त्यांचा एक डोळा बारीक झाला. “मंजे,” ते हळूच म्हणाले, “तू थे मराठीत वाचलं का?”

“मराठी माणसानं लिहिलेलं मी काय हिंदीत वाचू?” म्हणता म्हणता मला हुंदका आला.

ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. काकू पाणी घेऊन धावल्या. “अवो, मराठीत वाचलं तिनं!” ते काकूंना सांगत होते, “भिलाईची पोरगी अन् मराठीत वाचलं!” मग पाणी पिऊन ते उशीला टेकले. “मले वाटलं,” ते म्हणाले, “मास्तर लिहिलं म्हणून तुले राग आला. चार वर्षं मले वाटून राहिलं का तूच मले बाद केलं.” ते बाद मात्र मराठीतलं होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. त्यांनीही रडू दिलं.

मग मी विचारलं, पुन्हा पाहिल्यावर काय लिहिणार होतात? तेव्हा बिसाहिनबाईची गोष्ट निघाली. माझ्या गाण्यातला दोष काय ते काकांना पहिल्याने उमगलं नव्हतं, फक्त काहीतरी खटकत होतं. म्हणून ते मरोद्याला गेले, शोधत शोधत त्या रांगेतल्या एका बाईला गाठलं आणि घरी आणून व्हीसीआरवर माझी कॅसेट लावली. बिसाहिनबाई पुढे सरकून पाहत राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, “सब्बो करिया-करिया दिखत हे. एमा मैं कोन अंव, साहेब?” सगळ्या काळ्या काळ्या दिसतात, यातली मी कोणती? “मले सांगता नाही आलं,” काका म्हणाले. “तुले विचाराचं होतं. तू आलीच नाही.”

मलाही सांगता आलं नाही. माझ्या सगळ्या गाण्यात एकाही बाईचा चेहरा नव्हता. आभाळ छान यावं म्हणून मी सूर्याकडे तोंड केलं होतं, आणि त्यात त्या काळ्या झाल्या त्या मला सुंदरच वाटल्या होत्या. सरांनाही. ‘ग्राहक: पुण्याचे मास्तर’ ही शिवी नव्हती, तपासणी होती. निघताना काका म्हणाले, “पुन्हा काढ. सूर्य आपल्या पाठीमांगं घे यावेळी.” मी म्हटलं काढते आणि तुम्हाला दाखवते. “दाखव. नाही दाखवता आलं तं तिले दाखव. ग्राहक थेच हाय.”

दहाव्या दिवशी बाबांचा फोन आला.

आम्ही भाग्यवान, असंच मी म्हणते. सिव्हिक सेंटरला काकूंची पकड ढिली असती तर? तेरवी झाल्यावर मी कॅमेरा घेऊन मरोद्याला गेले. बिसाहिनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. काका गेल्याचं सांगितलं तर सूप बाजूला ठेवून तिने पदर डोक्यावर घेतला. मी सूर्य पाठीमागे घेतला. ऊन थेट तिच्या तोंडावर, तिने डोळे बारीक केले आणि विचारलं, “का करंव?” मी म्हटलं काही नको, तू तुझं काम कर. निवडता निवडता ती काहीतरी गुणगुणू लागली. मी तेच गाणं घेतलं, स्वच्छ मराठी नाही, काही नाही.

मागच्या रविवारी तिला ऑटोत घालून पद्मनाभपुरात आणलं. काकांची खोली तशीच आहे, फक्त खाट भिंतीला लावली आहे. काकूंनी सतरंजी अंथरली, बिसाहिनबाईला चहा दिला आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. मी कॅसेट घातली. आधी नुसतं सूप दिसतं, मग हात, मग कॅमेरा वर जातो. बिसाहिनबाईने चहाचा कप खाली ठेवला. गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिने टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

“एदे!” ती म्हणाली. “एदे मैं अंव!” ही बघ, ही मी!

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. गाणं संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या तरी बिसाहिनबाईचं बोट तिथेच होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अऊ एक घांव देखा न, नोनी.” आणखी एकदा दाखव ना, पोरी.

मी कॅसेट मागे फिरवली.